'काढणे' जमतं, मग 'टेक ऑफ'ही जमेल: रोजच्या बोलण्यातल्या फ्रेझल व्हर्ब्ससाठी मार्गदर्शक

मराठी नव्याने शिकणाऱ्या परक्या माणसाला 'काढणे' हे क्रियापद समजावून सांगायचं तर कुठून सुरुवात करणार? आपण चित्र काढतो, फोटो काढतो, झोप काढतो, कसेबसे दिवस काढतो, कुणाची आठवण काढतो, रुसलेल्याची समजूत काढतो आणि कुणाची खोडीही काढतो. पेटीतून वस्तू बाहेर काढावी असं यात कुठेच घडत नाही. तरी आपण एकदाही अडखळत नाही. कुणी आपल्याकडून 'काढणे'चे अर्थ यादी करून पाठ करून घेतले नव्हते. घरात कुणी रडत बसलं, कुणीतरी म्हणालं, 'जा, तिची समजूत काढ,' आणि तो शब्द त्या प्रसंगासकट आपल्या कानात बसला.

इंग्रजीतली 'गेट', 'पुट', 'टेक', 'टर्न', 'लुक' ही क्रियापदं अशीच आहेत. फरक एवढाच की अर्थ बदलण्यासाठी इंग्रजी भाषा क्रियापदापुढे 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन' असा एक छोटा शब्द जोडते. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणे. अशा जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. या लेखात मी त्या छोट्या शब्दाला सरळ 'अव्यय' म्हणणार आहे. शाळेत शिकलेल्या मराठी व्याकरणातली ही संज्ञा पुढे एका अडलेल्या जागी फार उपयोगी पडणार आहे.

ही जोडी तुम्हाला अवघड वाटत असेल तर त्यात तुमची काही उणीव नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश छापला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं आहे की क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परदेशी लोकांना सगळ्यात जास्त अडचणीची जाते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच नंतरचं. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवलं आणि लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली ते छापील वापरात आणलं.

आपल्याला ही कल्पना खरं तर परकी नाही. उपसर्गामुळे धातूचा अर्थ कसा भलतीकडेच ओढला जातो हे सांगणारा एक जुना संस्कृत श्लोक आहे. 'हृ' या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार असे पाच वेगळे अर्थ कसे निघतात ते त्यात दाखवलं आहे. संस्कृतात तो छोटा शब्द धातूच्या आधी येतो, इंग्रजीत तो क्रियापदानंतर येतो.

पायरी १: आधीच येणाऱ्या जोड्या ओळखा

कागद घ्या आणि मराठी बोलताना आपण सहज वापरतो ते हे शब्द लिहा: बॅकअप, चेकअप, मेकअप, ब्रेकअप, सेटअप, फॉलोअप, वर्कआउट, चेकआउट, लॉगइन, लॉकडाउन, टेकऑफ, रनआउट. हे सगळे फ्रेझल व्हर्ब्सपासून बनलेली नामं आहेत. म्हणजे डझनभर जोड्या तुमच्या तोंडात आधीपासूनच आहेत, फक्त त्या गोठलेल्या आहेत. त्या सुट्या केल्या की क्रियापदं मिळतात: 'बॅक अप', 'चेक आउट', 'लॉग इन'.

सुट्या करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. भूतकाळ करताना बदल क्रियापदात होतो, अव्ययाला कुणी हात लावत नाही. म्हणून 'लॉगइन्ड' नव्हे, 'लॉग्ड इन'. 'बॅकअप्ड' नव्हे, 'बॅक्ड अप'. दुसरी गोष्ट उच्चाराची. नाम असताना जोर पहिल्या भागावर पडतो: '*बॅक*अप'. क्रियापद असताना तो अव्ययाकडे सरकतो: 'बॅक इट *अप*'. जोराबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

क्रिकेटमुळे 'रन आउट' आपल्या कानाला बाद होण्याच्या अर्थाने सवयीचा आहे. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ 'संपणे' असा होतो. आपण म्हणतो 'कागद संपले', म्हणजे वाक्याचा कर्ता कागद. इंग्रजी बोलणारा बहुतेकदा स्वतःला कर्ता करतो: 'वुई हॅव रन आउट ऑव्ह पेपर.' माझ्या मते नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात आपलंसं करावं असं हे वाक्य आहे. वेळ, पैसे, पेट्रोल, कल्पना, अगदी धीरसुद्धा यात बसतो.

पायरी २: स्वतःचा एक दिवस इंग्रजीत मांडा

बाजारात पाचशे-हजार फ्रेझल व्हर्ब्सच्या याद्या मिळतात. त्या सध्या बाजूला ठेवा. अक्षरानुक्रमे लावलेली यादी पाठ होत नाही आणि झालीच तर बोलताना हाताशी येत नाही. त्यापेक्षा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण काय काय करतो ते मराठीत लिहा आणि त्याची इंग्रजी जोडी शोधा. वीस-पंचवीस जोड्या सहज निघतील आणि त्या रोज लागणाऱ्याच असतील.

सकाळपासून सुरुवात करू. 'अलार्म गोज ऑफ' म्हणजे अलार्म वाजतो. 'ऑफ' ऐकून बरेच जण तो बंद झाला असं समजतात, पण अर्थ नेमका उलटा आहे. वाजणारा अलार्म बंद करणं म्हणजे 'टर्न इट ऑफ'. मग जाग येते ती 'वेक अप' आणि अंथरूण सोडतो ते 'गेट अप'. मराठीत 'जाग येणे' आणि 'उठणे' यांत जो फरक आहे तोच इथे आहे, त्यामुळे 'आय वोक अप ॲट सिक्स बट गॉट अप ॲट सेव्हन' हे वाक्य आपल्याला लगेच पटतं.

कपड्यांपाशी मात्र मराठी आपल्याला थोडी फसवते. आपण 'बूट घाल' म्हणतो आणि 'त्याने निळा शर्ट घातलाय' असंही म्हणतो, दोन्हीकडे 'घालणे'च. इंग्रजीत घालण्याची क्रिया म्हणजे 'पुट ऑन' आणि अंगात असणं म्हणजे 'वेअर'. दाराशी उभ्या मुलाला 'वेअर युअर शूज' म्हटलं तर ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण हा इंग्रजी ऐकून शिकलेला माणूस नाही हेही कळतं. 'पुट ऑन युअर शूज' म्हणा. काढायचे असतील तर 'टेक देम ऑफ'. 'रिमूव्ह' हा सूचनाफलकावरचा शब्द आहे, बोलण्यातला नाही.

दिवे आणि पंखे यांच्यासाठी 'टर्न ऑन' आणि 'टर्न ऑफ'. आपण दारही बंद करतो आणि दिवाही बंद करतो, म्हणून तोंडातून 'क्लोज द लाइट' निघतं. इंग्रजीत 'ओपन' आणि 'क्लोज' दाराखिडक्यांसाठी, विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी 'टर्न'. आवाज वाढवायचा तर 'टर्न इट अप', कमी करायचा तर 'टर्न इट डाउन'.

बाहेर पडल्यावर बसमध्ये चढणं म्हणजे 'गेट ऑन', उतरणं म्हणजे 'गेट ऑफ'. कारमध्ये बसणं मात्र 'गेट इन' आणि उतरणं 'गेट आउट'. आत शिरून उभं राहता किंवा चालता येत असेल, जसं बस, आगगाडी, विमान, जहाज, तर 'ऑन' आणि 'ऑफ'. वाकून आत शिरून थेट बसावं लागत असेल तर 'इन' आणि 'आउट'. कुणाला घ्यायला जाणं 'पिक अप', सोडणं 'ड्रॉप ऑफ'. 'आय विल ड्रॉप यू' यातून कधीकधी हातातून खाली पाडण्याचा भास होतो, म्हणून 'आय विल ड्रॉप यू ऑफ' हे पूर्ण वाक्य बरं.

फॉर्म भरणं म्हणजे 'फिल इन' किंवा 'फिल आउट'. 'इन' आणि 'आउट' एरवी विरुद्ध असले तरी इथे अर्थ एकच आहे. ब्रिटिश बोलण्यात पहिला जास्त ऐकू येतो, अमेरिकन बोलण्यात दुसरा. पसारा जागेवर ठेवणं म्हणजे 'पुट अवे' आणि रात्री नकळत डोळा लागणं म्हणजे 'नॉड ऑफ' किंवा 'ड्रॉप ऑफ'.

पायरी ३: अव्ययाची मराठी किल्ली शोधा

या लेखात मला सगळ्यात मनापासून सांगायची आहे ती ही पायरी. फ्रेझल व्हर्बमध्ये आपण क्रियापदाकडे बघत बसतो, पण खरं काम बऱ्याचदा अव्यय करत असतं. आणि त्या अव्ययांच्या किल्ल्या आपल्याच भाषेत, आपल्या संयुक्त क्रियापदांत पडून आहेत.

'ऑफ' घ्या. त्याची किल्ली आहे 'सुटणे'. चिकटलेलं, जोडलेलं, धरून ठेवलेलं काहीतरी सुटतं. हँडल निघून हातात येतं ते 'केम ऑफ'. विमान जमीन सोडतं ते 'टुक ऑफ'. प्रवासाला निघणं म्हणजे 'सेट ऑफ', आपणही म्हणतोच, 'गाडी सुटली'. कामातून सुटलेला दिवस म्हणजे 'डे ऑफ', आणि आपला 'सुट्टी' हा शब्दही 'सुटणे'च्याच घरातला. मघाचा अलार्म आठवा. बंदुकीतून गोळी सुटते तेव्हाही इंग्रजीत 'द गन वेंट ऑफ' म्हणतात. अलार्मही तसाच दाबून ठेवलेला असतो आणि ठरल्या वेळी सुटतो. असं पाहिलं की 'गोज ऑफ' उलटं वाटेनासं होतं.

'ऑन'ची किल्ली 'लागणे'. दिवा लागतो, पंखा लागतो, ते 'टर्न ऑन'. अंगाला लागून राहतं ते 'पुट ऑन'. आणि एकदा लागलेलं काम पुढे चालू राहतं ते 'कॅरी ऑन', 'गो ऑन', 'कीप ऑन'. 'बोलत राहा, थांबू नकोस' याला 'गो ऑन' हे दोन शब्द पुरतात.

'अप'चे अर्थ बरेच आहेत, पण एक महत्त्वाची किल्ली 'टाकणे' ही आहे. नुसतं 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत जो फरक आहे तोच 'ईट' आणि 'ईट अप' यांत आहे. संपवून टाक, 'फिनिश अप'. वापरून टाक, 'यूज अप'. आवरून टाक, 'क्लीन अप'. क्रिया शेवटापर्यंत नेल्याची भावना दोन्हीकडे आहे. 'अप'चा दुसरा अर्थ वाढण्याचा: 'स्पीक अप', मोठ्याने बोल, 'चीअर अप', मन प्रसन्न कर. तिसरा अर्थ समोर येण्याचा. ठरलेल्या वेळेनंतर तासाभराने अचानक हजर झालेल्या मित्राबद्दल आपण म्हणतो 'हा आत्ता उगवतोय'. इंग्रजीत 'ही टर्न्ड अप ॲन अवर लेट'. सूर्यही वर येतो आणि मित्रही. त्याच चित्रातून 'ब्रिंग अप' म्हणजे विषय काढणे. 'तो विषय काढू नकोस' याला 'डोंट ब्रिंग इट अप'.

'आउट'ची किल्ली 'काढणे' किंवा 'बाहेर पडणे'. शोधून काढणे, 'फाइंड आउट'. डोकं चालवून उत्तर काढणे, 'फिगर आउट' किंवा 'वर्क आउट'. चुका काढून दाखवणे, 'पॉइंट आउट'. खरं बाहेर पडणे, 'कम आउट'. याच 'आउट'ला संपून जाण्याचा, विझण्याचाही रंग आहे: 'पुट आउट' म्हणजे आग विझवणे, 'वेअर आउट' म्हणजे वापरून झिजणे.

'डाउन' म्हणजे खाली उतरणे, कमी होणे: 'स्लो डाउन', 'काम डाउन'. 'राइट डाउन' मात्र अनेकांना कोड्यात टाकतं. लिहिण्यात खाली काय जातं? पण आपणही म्हणतोच की, 'फळ्यावरचं वहीत उतरवून घे'. डोक्यातलं किंवा कानावर पडलेलं कागदावर उतरतं, तेच हे 'डाउन'. आवाज कमी करणारं 'टर्न डाउन' नाकारण्यासाठीही वापरतात: 'दे टर्न्ड डाउन माय रिक्वेस्ट', त्यांनी माझी विनंती नाकारली.

'बॅक' म्हणजे परत, ते सोपं आहे. 'अवे' म्हणजे दूर, 'देऊन टाक'मधल्या 'टाक'सारखं: 'गिव्ह अवे', 'थ्रो अवे'. 'ओव्हर'मध्ये वरून सगळीकडे फिरण्याचं चित्र आहे. कागद नजरेखालून घालणे, 'गो ओव्हर'. उलटसुलट विचार करणे, 'थिंक ओव्हर'.

या किल्ल्यांनी सगळीच कुलुपं उघडणार नाहीत. 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणे, यात 'अप'चं चित्र शोधून डोकं शिणवू नका, ती जोडी तशीच उचला. पण अनोळखी जोडी कानावर पडली की आधी अव्ययाची किल्ली लावून बघायची सवय ठेवा. बऱ्याचदा अर्धा अर्थ तिथेच हाती लागतो.

पायरी ४: 'तिला' कुठे ठेवायचं?

'पिक अप' म्हणजे उचलणे किंवा घ्यायला जाणे. मग 'तिला घ्यायला जा' याला 'पिक अप हर' की 'पिक हर अप'? आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, तर 'लुक आफ्टर हर' की 'लुक हर आफ्टर'? बरोबर उत्तरं 'पिक हर अप' आणि 'लुक आफ्टर हर'. इथे अनेकांचा धीर सुटतो, कारण नियम मनमानी वाटतो.

आता मराठी व्याकरण आठवा. क्रियाविशेषण अव्यय क्रियापदाबद्दल काही सांगतं: 'वर उचल', 'खाली ठेव'. शब्दयोगी अव्यय नामाला किंवा सर्वनामाला चिकटून येतं: 'तिच्यासाठी', 'त्याच्यामागे'. 'तिला वर उचल' या वाक्यात 'तिला' आणि 'वर' सुटे आहेत. 'तिच्यामागे' मात्र तोडता येत नाही.

इंग्रजीतही हेच चालतं. 'पिक हर अप'मधला 'अप' क्रियाविशेषणासारखा आहे. तो सुटा राहतो आणि 'हर' मध्ये बसते, अगदी 'तिला वर उचल'च्याच क्रमाने. 'लुक आफ्टर हर'मधला 'आफ्टर' शब्दयोगीसारखा आहे. तो 'हर'चा हात धरून उभा असतो, म्हणून 'हर' त्याच्या पुढेच येते.

वापरायला सोपा आडाखा असा. 'आफ्टर', 'फॉर', 'ॲट', 'इंटू', 'विथ' ही अव्ययं शब्दयोगी घराण्यातली, त्यांच्या आधी सर्वनाम घुसवू नका: 'लुक फॉर इट', 'लुक ॲट हिम', 'लुक इंटू इट'. 'अप', 'डाउन', 'आउट', 'अवे', 'बॅक' आणि बहुतेकदा 'ऑफ' ही क्रियाविशेषणाच्या घराण्यातली. क्रियापदाला कर्म असेल तर सर्वनाम मध्ये: 'पुट इट डाउन', 'थ्रो इट अवे', 'कॉल मी बॅक', 'फिगर इट आउट'. थोडी तारांबळ 'ऑन', 'ओव्हर' आणि 'थ्रू' यांची होते, कारण ती दोन्ही घरांत नांदतात. 'पुट इट ऑन', पण 'काउंट ऑन हिम', म्हणजे त्याच्यावर विसंबून राहा. 'थिंक इट ओव्हर', पण 'गेट ओव्हर इट', म्हणजे त्यातून सावर. 'ऑफ'लाही 'गेट ऑफ इट' असे काही अपवाद आहेत. अशा जोड्या मात्र प्रत्येकीचं वाक्य ऐकूनच पक्क्या कराव्या लागतात.

सर्वनामाऐवजी पूर्ण नाम असेल तर सुट्या जोडीत दोन्ही चालतं: 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ'. नाम लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा, नाहीतर अव्यय येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो.

तीन शब्दांच्या जोड्या, म्हणजे 'रन आउट ऑव्ह', 'पुट अप विथ', 'कॅच अप विथ', 'लुक फॉरवर्ड टू', बहुधा तुटत नाहीत. सर्वनाम सगळ्यात शेवटी येतं.

याच ठिकाणी एक चूक दुरुस्त करून घ्या. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असं सर्रास लिहिलं-बोललं जातं. बरोबर वाक्य 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. अव्ययानंतर दुसरं क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतो: 'ही गेव्ह अप स्मोकिंग', 'शी केप्ट ऑन टॉकिंग'.

पायरी ५: जोर अव्ययावर द्या

आपल्याला शब्दांचे अर्थ माहीत असतात, वाक्यही बरोबर असतं, तरी समोरचा 'काय?' असं विचारतो. कारण बऱ्याचदा आवाजाच्या चढउतारात असतं. आपण 'टर्न' ठासून म्हणतो आणि 'ऑफ' गिळून टाकतो. ऐकणारा मात्र 'ऑफ'चीच वाट बघत असतो, कारण दिवा लावायचा की मालवायचा हे त्याला तिथेच कळणार असतं.

सुट्या जोड्यांत जोर अव्ययावर द्या: 'टर्न इट *ऑफ*', 'पिक हर *अप*'. शब्दयोगी घराण्यात तो क्रियापदावर राहतो: '*लुक* ॲट इट', '*वेट* फॉर मी'. मागच्या पायरीतली दोन घराणी कानानेही ओळखता येतात ती अशी.

बोलण्याच्या ओघात शब्द एकमेकांत मिसळतात. 'पिक इट अप' हे 'पिकिटप' होतं, 'टर्न इट ऑफ' हे 'टर्निटॉफ'. अमेरिकन बोलण्यात 'पुट इट ऑन' जवळजवळ 'पुडिडॉन'सारखं ऐकू येतं. हे तुकडे एकाच शब्दासारखे दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणा. स्वतःच्या तोंडाला सवय झाली की दुसऱ्याच्या तोंडचे आपोआप ओळखू येऊ लागतात. ऐकून समजत नाही ही तक्रार माझ्या अनुभवाने निम्म्याहून अधिक इथेच दूर होते.

पायरी ६: फोनवर वापरून बघा

फोनवर चेहरा दिसत नाही, हातवारे करता येत नाहीत आणि ठरावीक जोड्या पुन्हा पुन्हा येतात. म्हणून सरावासाठी फोन उत्तम.

'हॅलो, कॅन यू स्पीक अप? आय कान्ट हिअर यू.'
'इज धिस बेटर?'
'सॉरी, यू आर ब्रेकिंग अप.'
'हँग ऑन, आय विल गो आउट.'

आणि दहा मिनिटांनी:

'सॉरी, वुई गॉट कट ऑफ. आय ट्राइड टू कॉल यू बॅक, बट आय कुडन्ट गेट थ्रू.'

'स्पीक अप', मोठ्याने बोला. 'ब्रेकिंग अप', आवाज तुटतोय. 'हँग ऑन', जरा थांबा. 'कट ऑफ', फोन मध्येच तुटला. 'कॉल बॅक', परत फोन करणे. 'गेट थ्रू', फोन लागणे. 'हँग ऑन' आणि 'हँग अप' यांत घोळ होऊ देऊ नका. पहिल्याचा अर्थ थांबा, दुसऱ्याचा फोन ठेवा. घाईत दुसरं तोंडातून गेलं तर समोरचा खरंच फोन ठेवेल. 'त्याने फोन कट केला' याला 'ही हंग अप ऑन मी' हे बोलण्यातलं नेहमीचं वाक्य आहे.

पायरी ७: जड शब्दांऐवजी हलके शब्द

शाळेत आपण 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश', 'इन्व्हेस्टिगेट' शिकलो, म्हणून बोलतानाही तेच आठवतात. इंग्रजीत असे दोन थर का आहेत, त्यामागे इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार नि न्यायालयांत फ्रेंचचं वजन राहिलं. विद्येची आणि धर्माची भाषा लॅटिन होती. त्या दोन भाषांमधून आलेले शब्द औपचारिक ठरले. घरातली माणसं मात्र आपल्या जुन्या छोट्या क्रियापदांनीच काम भागवत राहिली.

मराठीत हा फरक आपण रोज पाळतो. नोटिशीत 'कार्यक्रम स्थगित करण्यात येत आहे' असतं, तोंडी आपण 'पुढे ढकलला' म्हणतो. 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ' यांचं नातं तसंच आहे. 'टॉलरेट' म्हणजे सहन करणे, 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणे. 'कॅन्सल'साठी 'कॉल ऑफ', 'इन्व्हेस्टिगेट'साठी 'लुक इंटू'. याचा अर्थ फ्रेझल व्हर्ब गावंढळ किंवा अशुद्ध असतं असा मुळीच नाही. 'कॅरी आउट', 'सेट अप', 'पॉइंट आउट' गंभीर अहवालांतही बिनदिक्कत येतात.

माणसांमाणसांतल्या नात्यांसाठी तर या जोड्यांना पर्यायच नाही. पटणे, 'गेट अलाँग'. बिनसणे, 'फॉल आउट'. भांडण मिटवणे, 'मेक अप'. ऐनवेळी माघार घेणे, 'बॅक आउट'. भरवसा मोडणे, 'लेट डाउन'. मिरवणे, 'शो ऑफ'. कमी लेखणे, 'लुक डाउन ऑन'. खूप दिवसांनी भेटून एकमेकांची खबरबात घेणे, 'कॅच अप'. मराठी शब्दांत जी ऊब आहे ती इंग्रजीत आणायची असेल तर ती इथे सापडते.

आपल्याकडच्या काही सवयी

'कोप अप विथ' सोडून द्या. 'कोप विथ' एवढंच आहे, 'अप' आपण उगाच जोडतो. 'डिस्कस अबाउट'मधलं 'अबाउट' आणि 'रिटर्न बॅक'मधलं 'बॅक' तसंच जादाचं.

पदवी पूर्ण झाली हे सांगायला भारतात 'आय पास्ड आउट' म्हणतात. बाहेरच्या देशांत बहुतेक ठिकाणी त्याचा पहिला अर्थ 'मी बेशुद्ध पडलो' असा घेतला जातो. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' हाही आपल्याकडचा जुना प्रश्न, त्याऐवजी 'व्हेअर आर यू स्टेइंग?'. 'प्रीपोन' इथे सगळ्यांना कळतं, परदेशी माणसाशी बोलताना 'ब्रिंग फॉरवर्ड' किंवा 'मूव्ह अप' वापरा. 'मेक आउट' म्हणजे नीट दिसणे किंवा उमगणे, पण अमेरिकन बोलण्यात त्याचा अर्थ चुंबनात रमणे असाही होतो, म्हणून नवख्या माणसासमोर जपून.

पायरी ८: रोजची पंधरा मिनिटं

एक छोटी वही करा. दिवसाला दोनच जोड्या, त्याहून जास्त नको. जोडीखाली अर्थ न लिहिता स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य लिहा. 'पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे' असं लिहिलेलं चार दिवसांत विसरतं. 'आय कीप पुटिंग ऑफ माय डेंटल चेकअप' हे खरं असेल तर विसरणार नाही. त्याच वाक्यात सर्वनाम घालून पुन्हा म्हणा: 'आय कीप पुटिंग इट ऑफ.' त्यामुळे चौथ्या पायरीचा सराव वेगळा करावा लागत नाही.

संध्याकाळी त्या दोन्ही जोड्या मोठ्याने बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. 'ऑफ', 'अप', 'आउट' स्पष्ट ऐकू येतात का एवढंच तपासा. आठवड्यातून एकदा मागची पानं चाळा आणि जी वाक्यं अजून तोंडात बसली नाहीत त्यांच्यापुढे खूण करून पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या.

शब्दकोशात बघताना नुसतं 'टेक' शोधू नका. 'टेक'च्या नोंदीखाली 'टेक ऑफ', 'टेक ओव्हर', 'टेक आफ्टर' अशा स्वतंत्र पोटनोंदी असतात, तिथपर्यंत खाली जा. अर्थ एकाहून जास्त दिसतील, त्यातला ऐकलेल्या वाक्याला लागू पडणारा एकच उचला.

आणि बोलता बोलता समोरच्याने न कळणारी जोडी वापरली तर मान डोलावून पुढे जाऊ नका. 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय "फॉल थ्रू"?' असं विचारा. तो म्हणेल, ठरलेलं बारगळलं. घरी आल्यावर ती वहीत उतरवून घ्या, ज्या वाक्यात ऐकली त्या वाक्यासकट.